सहन करणं हे काही औषध नव्हे

पाळी 'येते', 'चुकते', 'लांबते' आणि मग एके दिवशी 'जाते'. मराठीत या सगळ्याला किती साधी क्रियापदं आहेत! येते तेव्हा निदान आई चार गोष्टी कानात सांगते, मैत्रिणींमध्ये कुजबुज होते, हल्ली तर काही शाळांमध्येही कुणीतरी येऊन माहिती देऊन जातं. जाते तेव्हा मात्र कुणीच काही सांगत नाही. फार तर एखादी नणंद किंवा मोठी जाऊ म्हणते, "सुटलीस बाई एकदाची!" आणि विषय तिथेच संपतो.

सुटका होते हे खोटं नाही. दर महिन्याची कटकट जाते, प्रवासाच्या तारखा कॅलेंडर बघून ठरवाव्या लागत नाहीत. पण अनेकींच्या वाट्याला त्याच सुमारास दुसरंच काहीतरी येतं. रात्री दोन वाजता मानेखालची उशी घामाने ओली झालेली असते. पंखा पाचावर करावा तर शेजारी नवरा कुडकुडतो, आणि दहा मिनिटांनी आपल्यालाच हुडहुडी भरते. दुपारी ऑफिसात साहेबांसमोर उभं असताना छातीपासून कानशिलांपर्यंत वाफा चढतात आणि समोरच्याला वाटतं, ही चिडली. वर्षानुवर्षं पाठ असलेलं नाव ऐन वेळी ओठांवर येत नाही. लघवीला जळजळ होते. नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही, कारण दुखतं. आणि यातलं शेवटचं तर सख्ख्या बहिणीलाही सांगवत नाही.

डॉक्टरांकडे जावं तर दोनपैकी एक उत्तर ठरलेलं. पहिलं, "वयाप्रमाणे होणारच, थोडं सहन करा." दुसरं, हॉर्मोन्सचं नाव काढलं की, "नको बाई, कॅन्सर होतो." सगळेच डॉक्टर असं बोलतात असं मी म्हणणार नाही. पण माझ्या वयाच्या ज्या बायकांशी मी बोलते (मी त्रेपन्न वर्षांची आहे, त्यामुळे सध्या आमच्यात हाच विषय असतो), त्यांतल्या बहुतेकींनी यातलं एक तरी उत्तर ऐकलेलं आहे. मी डॉक्टर नाही. पण गेली दोनेक वर्षं या विषयावर जे मिळेल ते वाचते आहे, आणि माझं मत असं झालंय की ही दोन्ही उत्तरं म्हणजे प्रश्न न ऐकताच दिलेली उत्तरं आहेत.

त्यातल्या कॅन्सरच्या भीतीपासून सुरुवात करू. ती आली कुठून?

गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथे १९४२ साली 'प्रेमारिन' नावाची इस्ट्रोजेनची गोळी बाजारात आली. गाभण घोडींच्या मूत्रापासून ती बनवत, आणि नावही त्यावरूनच पडलं. मग १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने 'फेमिनिन फॉरेव्हर' हे पुस्तक लिहिलं. त्याचं सांगणं थोडक्यात असं, की पाळी जाणं हा एक आजारच आहे, हॉर्मोन कमी पडल्याचा आजार, आणि गोळी घेतली की बाई कायमची तरुण राहते. पुस्तक तडाखेबंद खपलं, गोळ्याही खपल्या. या विल्सन महाशयांच्या कामाला औषध कंपन्यांचा पैसा होता, ही गोष्ट पुढे सगळ्यांना कळली. १९७५ मध्ये पहिला झटका बसला. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर जास्त होतो, असं दिसून आलं. त्यावर उपाय निघाला. गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं दुसरं हॉर्मोन द्यायचं, म्हणजे अस्तर वाढत नाही. हा नियम आजही आहे.

मग नव्वदच्या दशकात एक नवीनच दावा आला. हॉर्मोन्सनी हृदयविकारही टळतो म्हणे. गोळ्या घेणाऱ्या बायकांना खरोखरच हृदयविकार कमी होता. पण गोळ्या घेणाऱ्या बायका मुळात कोण होत्या? शिकलेल्या, पैसेवाल्या, व्यायाम करणाऱ्या, वेळच्या वेळी डॉक्टरकडे जाणाऱ्या. गुण गोळीचा की त्यांच्या राहणीचा, हे कसं ठरवणार? म्हणून अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेने 'वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा प्रचंड अभ्यास हाती घेतला. त्यात ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायकांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची खरी गोळी दिली आणि निम्म्यांना खोटी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवला गेला. स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी जास्त, हृदयविकार २९ टक्क्यांनी जास्त, पक्षाघात ४१ टक्क्यांनी जास्त! जगभर मथळे झळकले. लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या, डॉक्टरांनी लिहून देणं थांबवलं. आपल्याकडे आजही जी भीती ऐकू येते ती मुळात त्या जुलै महिन्यातली आहे.

आता ते २६ टक्के जरा उलगडून बघूया, कारण टक्केवारी हा माणसाला घाबरवायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. खोटी गोळी घेणाऱ्या दहा हजार बायकांमध्ये वर्षभरात साधारण ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. खरी गोळी घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जणी जास्त. त्याच हिशेबाने पक्षाघाताच्या आठ जास्त, फुप्फुसात गुठळी अडकण्याच्या आठ जास्त, हृदयविकाराच्या सात जास्त. आणि खुब्याचं हाड मोडण्याच्या पाच कमी, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या सहा कमी. एकूण मृत्यूंमध्ये फरक नव्हता.

आठ जणी म्हणजे काहीच नाही, असं मला म्हणायचं नाही. त्या आठांमध्ये आपली बहीण असेल तर तिच्यासाठी तो आकडा आठ नसतो, शंभर टक्के असतो. पण "कॅन्सर होतो" आणि "दहा हजारांत वर्षाला आठ जणी वाढतात" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं वाक्य ऐकून बाई घरी जाते. दुसरं ऐकून ती विचार करू शकते.

शिवाय त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या बायकाच त्यात बहुसंख्य होत्या. का? कारण तो अभ्यास वाफा आणि घाम यांच्यासाठी नव्हताच. म्हातारपणचे आजार टळतात का, हे बघायला होता. ६३ वर्षांच्या बाईचा निकाल ४९ वर्षांच्या बाईला जसाच्या तसा लावला गेला. पुढे २००७ मध्ये त्याच आकड्यांची वयानुसार फोड केली, तेव्हा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नव्हती अशा बायकांमध्ये हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही. ज्यांचं गर्भाशय आधीच काढलं होतं त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलेला एक वेगळा भाग होता. तो २००४ मध्ये पक्षाघात वाढल्यामुळे थांबवला, पण त्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता, आणि २०२० मध्ये आलेल्या दीर्घ पाठपुराव्यात तर तो कमीच निघाला. म्हणजे 'हॉर्मोन्स' हा एक शब्द असला तरी त्या पिशवीत बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी भरलेल्या आहेत. कोणतं हॉर्मोन, गोळी की त्वचेवर लावायचं जेल, कोणत्या वयात, किती वर्षं, सगळ्यांचा हिशेब वेगळा.

असो. हे झालं धोक्याचं. पण मला खरं कुतूहल होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. गोळीने बाईचं जगणं सुधारतं का?

यावरही त्याच अभ्यासातून २००३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला होता, आणि निष्कर्ष वाचून मी चकित झाले. सर्वसाधारण तब्येत, उत्साह, मनःस्थिती, शरीरसंबंधांतलं समाधान... यांपैकी कशातही गोळीने म्हणावा असा फरक पडला नाही! एका वर्षानंतर झोप, अंगदुखी आणि हालचाल यांत चिमूटभर सुधारणा, आणि तीन वर्षांनंतर तीही नाही. म्हणजे मग सगळं खोटंच की काय? पण जरा थांबून विचार केला तर लक्षात येतं, की ज्या बायकांना हे विचारलं त्यांतल्या बहुतेकींना मुळात फारसा त्रासच नव्हता. ज्याला ताप नाही त्याला क्रोसिन देऊन "बरं वाटतंय का?" असं विचारण्यासारखंच झालं हे. ज्या पन्नाशीच्या आसपासच्या होत्या आणि ज्यांना खरंच वाफांचा त्रास होता, त्यांच्या वाफा कमी झाल्या आणि झोपही थोडी सुधारली. पुढे २००८ मध्ये 'विज्डम' नावाच्या ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधल्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात वर्षभरात गोळी घेणाऱ्यांमध्ये वाफा येणाऱ्या बायका ३० टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आल्या, खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये २९ वरून २५ वर. झोप सुधारली, शरीरसंबंध सुसह्य झाले. छाती दुखरी होणं आणि अंगावरून जाणं मात्र वाढलं.

मला या दोन्ही निकालांत विरोध दिसत नाही. उलट दोन्ही मिळून एक सरळ गोष्ट सांगतात. गोळी सुख देत नाही. ती वाफा थांबवते, घाम थांबवते, कोरडेपणा कमी करते. त्या वाफांनीच जर तुमची झोप, काम आणि स्वभाव खाऊन टाकला असेल, तर ते सगळं परत मिळू शकतं. पण तुमची झोप जर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना रात्री दोनदा उठवावं लागतं म्हणून जात असेल, मुलगी परदेशी गेल्याने घर खायला उठत असेल, नवऱ्याशी वीस वर्षं धड बोलणं नसेल, तर इस्ट्रोजेन त्याला काय करणार? पन्नाशीतल्या बाईच्या आयुष्यात एकाच वेळी इतकं काही चाललेलं असतं की सगळं खापर हॉर्मोन्सवर फोडणं हाही एक अन्यायच. "तिचा मेनोपॉज चालू आहे" असं म्हटलं की घरातल्या इतरांना स्वतःकडे बघावं लागत नाही!

एक हमखास येणारा आक्षेप म्हणजे, "आपल्या आज्यांनी कुठे घेतली होती हॉर्मोन्स?" नव्हतीच घेतली. पण कंबरेत वाकलेली आजी आठवते ना? न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला आणि मग ती उठलीच नाही, अशी एक तरी गोष्ट प्रत्येक घरात असते. आपण त्याला म्हातारपण म्हणालो. रात्री ती ओट्यापाशी पाणी पीत का बसायची, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिला त्रास नव्हता असं आपण धरून चाललो.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. सगळ्या बायकांना सारखा त्रास होत नाही. मार्गारेट लॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये 'एन्काउंटर्स विथ एजिंग' या पुस्तकात दाखवून दिलं, की जपानी बायका वाफांची तक्रार अमेरिकन बायकांपेक्षा खूप कमी करत. त्यांच्या त्या वयातल्या तक्रारी खांदे भरून येणं, डोकं दुखणं अशा होत्या. म्हणजे पाळी जाणं हा आजार नाही, आणि प्रत्येकीला औषध लागतं हे विल्सनचं म्हणणं तेव्हाही चूक होतं, आजही चूकच आहे. पण "हा आजार नाही" यातून "म्हणून त्रासही खरा नाही" हे कसं निघतं? बाळंतपणही आजार नाही. म्हणून सुईण नको असं म्हणतो का आपण? आणि त्रास चार-सहा महिन्यांचा असतो म्हणावं, तर तेही नाही. २०१५ मध्ये आलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, ज्या बायकांना वारंवार वाफा येत होत्या त्यांतल्या निम्म्या जणींना त्या सात वर्षांहून जास्त काळ येत राहिल्या. सात वर्षं सहन करा, हा सल्ला द्यायला सोपा आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त टोचतं ते इथलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पिशवी काढण्याची प्रकरणं २०१९ मध्ये गाजली, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. पाळीत खाडा पडला तर मुकादम पैसे कापणार, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलं तर "काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगणारं कुणीतरी भेटणार. आणि हे फक्त बीडचं नाही. देशभरातल्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी साधारण तिघींचं गर्भाशय काढलेलं आहे, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं चाळिशीच्या आतच. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर त्या बाईची रजोनिवृत्ती त्याच दिवशी होते, पस्तिशीत, एका रात्रीत. नुसती पिशवी काढली तरी ती पुष्कळदा नेहमीपेक्षा लवकर येते. इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेलं की हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच अशा बायकांना, दुसरी काही अडचण नसेल तर, निदान नैसर्गिक वयापर्यंत हॉर्मोन्स द्यावीत, यावर जगभरच्या तज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे.

आणि आपल्याकडे काय होतं? कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायची आणि कॅन्सरची भीती घालूनच हॉर्मोन्स नाकारायची! टाके काढून तिला घरी पाठवतात. पुढच्या तीस वर्षांबद्दल एक अक्षर नाही. पुण्या-मुंबईतल्या माझ्यासारख्या बाईला निदान वाचता येतं, दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं. कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या बाईने कंबर दुखते म्हणून कुठे जायचं? हॉर्मोन्सवरची आपली सगळी चर्चा चालते ती पन्नाशीतल्या शहरी बायकांची, आणि ज्यांना त्यांची खरी गरज आहे त्या या चर्चेत कुठेच नसतात.

इकडे अमेरिकेत वारं पुन्हा फिरलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या एफडीएने या औषधांवरच्या काळ्या चौकटीतल्या बहुतेक इशाऱ्यांना रजा द्यायचं जाहीर केलं. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेऊ नये, हा इशारा मात्र ठेवला. योनीमार्गात लावायच्या अगदी कमी मात्रेच्या क्रीमवरही इतकी वर्षं तोच भयंकर इशारा छापलेला होता. त्याच्यासाठी हे व्हायलाच हवं होतं, कारण ते औषध रक्तात जवळजवळ उतरतच नाही. पण आता पुन्हा कुणीतरी उठून "हॉर्मोन्स घ्या, स्मरणशक्ती वाढेल, तारुण्य टिकेल" म्हणून विकायला लागेल, अशी मला धास्ती वाटते. १९६६ मध्ये सगळ्या बायकांना एकच गोळी हवी होती. २००२ मध्ये सगळ्या बायकांना एकच नकार मिळाला. दोन्ही वेळा समोर बसलेल्या बाईला विचारायचं राहून गेलं.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी हॉर्मोन्स घेत नाही. मला वाफा येतात, पण झोप लागते, आणि तेवढं मला चालतं. माझी एक मैत्रीण बँकेत आहे. तिला रात्री सहा-सात वेळा जाग यायची, आकडे चुकायला लागले, राजीनाम्यापर्यंत गोष्ट आली होती. तिने सगळ्या तपासण्या करून जेल आणि जोडीला रात्रीची गोळी सुरू केली, आणि आता ती निवांत झोपते. दुसऱ्या एकीच्या स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झालेत, तिला हॉर्मोन्स चालणारच नाहीत. तिच्यासारख्यांसाठीही आता मार्ग निघत आहेत. हॉर्मोन नसलेलं, मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रावर काम करणारं एक औषध अमेरिकेत २०२३ मध्ये आलं, दुसरं २०२५ मध्ये. आम्हा तिघींची उत्तरं तीन, आणि मला तरी तिन्ही बरोबर वाटतात.

तेव्हा बायांनो, डॉक्टरांकडे जाताना "मला मेनोपॉजचा त्रास होतो" एवढंच सांगू नका. महिनाभर एका वहीत लिहून ठेवा, रात्री किती वेळा उठलात, दिवसा किती वाफा आल्या, कुठे दुखतं, कशाने काम अडलं. पूर्वी गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार किंवा घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर न विचारता सांगा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावर गेलं तर एक दिवसही थांबू नका. आणि "धोका आहे" असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा, "माझ्या वयाच्या किती जणींमध्ये किती?" उत्तर आकड्यांत आलं तर त्या डॉक्टरांना धरून राहा. "सहन करा" असं आलं, तर दुसरा दवाखाना शोधा.